मयताचं लाकूड

हेझलची पानं पुन्हा पिवळी पडायला लागली आहेत. वॉटरफोर्ड ह्या आयरिश शहरातल्या हॉस्पिटलमधून घरी येताना हल्ली मी मुद्दाम लांबचा रस्ता घेते, रानाच्या फाटकापाशी गाडी लावते आणि थोडी आत जाऊन येते. चॉकलेटात जो हेझलनट असतो त्याचं हे झाड. झाड कसलं, मोठं झुडूपच. एका बुडातून दहा-बारा सरळ फोक वर गेलेले. पायाखाली ओला पाचोळा, त्याचा किंचित आंबूस वास, आणि खारींनी फोडून टाकलेली टरफलं. पाऊस धड पडत नाही आणि धड थांबतही नाही. इथले लोक 'ठीक'ला 'ग्रँड' म्हणतात, तसं अशा दिवसाला कौतुकानं 'सॉफ्ट डे'. मला पूर्वी ह्या मऊपणाचा रागच यायचा; पडायचं तर पड ना बाबा एकदाचा, असं वाटायचं. आता येत नाही. ह्याच ऋतूत माझे वडील इथे आले होते, आणि ह्याच ऋतूत गेले.

वडिलांना आम्ही बाबूजी म्हणायचो. मूळचे भंडाऱ्याकडचे, वनखात्यात वनपाल. सारी नोकरी गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलांत झाली. आई गेल्यावर नागपूरला माझ्या धाकट्या भावाकडे, विलासकडे, राहायचे. त्या वर्षी दिवाळीला मी हट्टानं त्यांना इकडे आणलं. पहिले काही दिवस त्यांनी खिडकीत बसून शेजाऱ्यांच्या मांजराकडे पाहण्यात घालवले. माझी लेक ईशा विचारायची, "आजोबा, वुड यू लाइक अ कप ऑफ टी?" ते म्हणायचे, "दे वं पोरी, पण साखर बरोबर टाकजो." ती त्यांना इंग्रजीत उत्तर द्यायची, ते तिला गावाकडच्या बोलीत, आणि दोघांचं छान चालायचं. पण संध्याकाळी चार-साडेचारला अंधार पडला की त्यांचा चेहरा उतरायचा. माझा नवरा सलील पुण्याचा, सरळ बोलणारा. तो म्हणाला, "अगं, ह्यांना झाडं दाखव. घरात कोंडून ठेवू नकोस."

म्हणून मी त्यांना ह्या रानात आणलं. दर शनिवारी इथे गावातली काही माणसं जमतात आणि रानाचा एकेक पट्टा जुन्या पद्धतीनं छाटतात. पानगळ झाली की हेझलचे फोक बुडापासून कापायचे, जुड्या बांधायच्या, त्यांची कुंपणं विणायची. काही वर्षांनी त्याच बुडातून तसेच सरळ फोक परत येतात. ह्या सगळ्यांचा म्होरक्या डोनल. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला, सत्तरीचा, ताडमाड उंच, भुवया पांढऱ्या आणि दाट.

आम्ही आत शिरलो तर समोर अख्खा पट्टा छाटलेला. ताजी पांढरी बुडं, बाजूला जुड्यांचा ढीग, आणि डोनल खांद्यावर एक जुडी टाकून फाटकाकडे निघालेला. बाबूजी जागीच थबकले. काठीनं एक बूड टोकलं, मग दुसरं. मग वाकून तिसऱ्या बुडाभोवती फिरून आले.

"ज्योती," ते हळूच म्हणाले, "इथं तं अवैध तोड चालू हाय."

"नाही हो बाबूजी..."

"शिक्का कुठी हाय? बुडावर हातोड्याचा शिक्का पायजे. एकाबी बुडावर नाई." आणि मी काही बोलायच्या आत ते वाटेत आडवे उभे राहिले, डोनलसमोर काठी धरली आणि लाकडाच्या वाहतुकीचा परवाना मागायचे त्या नोकरीतल्या आवाजात म्हणाले, "पास? ट्रान्झिट पास?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. डोनलनं जुडी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि शांतपणे एक शब्द बोलला, "कॉपिस."

बाबूजींचा चेहरा असा उजळला की मी तो कधी विसरणार नाही. "कॉपिस! मंग हे कूप हाय का?" खात्याच्या भाषेत तोडीच्या पट्ट्याला कूप म्हणतात, आणि बुडातून पुन्हा फुटू देण्याच्या पद्धतीला कॉपिस. इंग्रज साहेबांनी मागे ठेवलेले हे शब्द बाबूजींनी आयुष्यभर वापरले होते. ते कुठल्या मातीतून आले हे त्यांना आज दिसत होतं. काठी बगलेत मारून त्यांनी डोनलचे दोन्ही हात हातात घेतले. मग दोघं बुडापाशी उकिडवे बसले. कापाला उतार हवा, म्हणजे पाणी साचत नाही, हे एकानं मराठीत सांगितलं आणि दुसऱ्यानं त्याच्या त्या गुरगुरत्या इंग्रजीत. मी दुभाषी म्हणून गेले होते, मला कुणी विचारलंही नाही. परत निघताना डोनल मला म्हणाला, "युअर मॅन नोज हिज ट्रीज." इथल्या बोलीत 'युअर मॅन' म्हणजे 'हा गडी'.

रान लहान आहे. थोडं चाललं की पलीकडची शेतं दिसायला लागतात, मेंढ्या दिसतात. बाबूजींना पहिल्यांदा ते पटेना. "संपलं?" त्यांनी विचारलं. "बास, इतकंच?" एके काळी ह्या देशात ओकचं घनदाट अरण्य होतं आणि ते जवळजवळ सगळं तोडलं गेलं, हे मी सांगितलं तेव्हा ते शेवटच्या झाडाला हात लावून उभे राहिले. ओळखीच्या कुणाचं वाईट ऐकल्यावर माणूस त्याच्या घरच्यांपाशी उभा राहतो, तसे.

त्यानंतर शनिवार ठरून गेला. थर्मासमधला चहा, डोनलच्या बायकोनं दिलेला सोडा ब्रेड, आमच्याकडचा चिवडा. ओंडक्यांवर बसून डोनल जुन्या गोष्टी सांगायचा आणि मी त्या बाबूजींना मराठीत सांगायचे. हजार वर्षांमागे ह्या रानात माणसं राहत होती. डुकरं राखणारे पानगळीत कळप घेऊन ओकच्या खाली यायचे. ओकची फळं भरपूर पडली की डुकरं माजायची आणि गावाचा हिवाळा निभायचा, नाही पडली की घराघरात चिंता. कोळसा पाडणारे मातीनं लिंपलेल्या ढिगाऱ्याशेजारी झोपडी घालून राहायचे, कारण ढीग धुमसत असताना कुणीतरी जवळ हवंच. ओकची साल काढून नेणारे वेगळे. ती साल कातडी कमवायला लागायची. आणि हेझलचे फोक तर नदीकाठच्या वॉटरफोर्डला गाड्या भरभरून जायचे, कारण शहरातली घरं कुडाची होती. फोक विणून भिंत, वर मातीचा गिलावा. ती कुजली की नवी. शहराच्या जुन्या भागात खणलं तेव्हा असा कूड चिखलात जसाच्या तसा सापडला. बाबूजींना ह्यात नवल वाटलं नाही. "आमच्या गावातबी कुडाचीच घरं होती," ते म्हणाले. "शहर कोण्याबी देशाचं असो, जंगलाच्याच जिवावर उभं रायते."

मी भूल देणारी डॉक्टर. इतिहासाशी माझा संबंध शाळेतच संपला. पण त्या ओंडक्यावर बसून मला ती माणसं दिसायला लागली, हे मात्र खरं. चेहऱ्याला काजळी लागलेला कोळसेवाला. त्याच्याकडे कुणी मुलगी द्यायला राजी असेल का? सालवाल्यांच्या अंगाला येणारा वास. फळं वेचायला आलेल्या बायका, त्यांचे ओचे भरलेले, आणि कुणाची पोर कुठल्या बाजूला गेली म्हणून चाललेल्या हाका. बाबूजींनी मला लहानपणी मोहफुलं वेचायला पहाटे जाणाऱ्या बाया दाखवल्या होत्या. त्यांनाही एक डोळा टोपलीवर आणि एक पोरावर ठेवावा लागायचा.

एका शनिवारी डोनलनं जुन्या आयरिश कायद्यांचं सांगितलं. झाडांना दर्जे होते. ओक, हेझल, यू ही खानदानी झाडं. त्यांना हात लावला तर दंड गुरांच्या रूपात. खालोखाल साधी झाडं, मग झुडपं. बाबूजी खूश. "म्हंजे आमचा साग," ते म्हणाले. "सागाले हात लावला का मानूस गेलाच." मग डोनल म्हणाला, पण काही गोष्टी मात्र कुणाच्याही रानातून कुणीही न विचारता घ्याव्यात असं होतं. एका रात्रीपुरतं सरपण. एका वेळच्या स्वयंपाकाचं लाकूड. हेझलची फळं. आणि मेलेल्या माणसाला उचलून न्यायला लागेल तेवढं लाकूड.

मी हे मराठीत सांगितलं आणि बाबूजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"निस्तार," ते म्हणाले. "हे तं निस्तार झालं, ज्योती."

निस्तार म्हणजे आमच्याकडे जंगलकाठच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या असलेला हक्क: सरपण, कुडाला काड्या, नांगराला लाकूड. बाबूजींच्या नोकरीचा मोठा भाग हा हक्क कुठे संपतो आणि चोरी कुठे सुरू होते ते ठरवण्यात गेला होता. त्यांनी ते कधी घरी बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी मात्र बोलले, आणि माझ्याकडे पाहून नाही, छाटलेल्या बुडांकडे पाहून. "मोळीवाल्या बायांले मी लई अडवलं. नोकरीच थे होती. कोयते जप्त केले. एकीचा चेहरा अजून दिसते मले. पण मयताचं लाकूड मी कधी नाई अडवलं. सागाचं असो का कशाचं. मानूस मेल्यावर त्याच्या लोकायले पास मांगाचा नसते."

आमच्या कॉलनीत कुणी गेलं की पहिलं बोलावणं बाबूजींना असायचं, ते त्यामुळेच की काय कोण जाणे. बांबू कसे निवडायचे, तिरडी कशी बांधायची, हे त्यांना येत होतं. ते सुतळीचा गुंडा घेऊन निघाले की आई मला आत बोलावून दार लोटून घ्यायची. विलास थोडा मोठा झाल्यावर त्यांच्यासोबत जायला लागला. सुतळीचं टोक धरायला. मी मोठी असूनही घरात.

त्या दिवशी परतताना रस्त्यात एक शववाहिनी आडवी गेली. काळी, चकचकीत, मागच्या काचेतून पितळी कड्यांची पेटी दिसणारी. लोक फुटपाथवर थांबले, काहींनी छातीवर क्रुसाची खूण केली. बाबूजींनी हात जोडले. गाडी गेल्यावर म्हणाले, "मले पेटीत नोको ठेवजो वं. जीव घाबरते."

"काहीही काय बोलता बाबूजी," मी म्हटलं.

ते नोव्हेंबरच्या शेवटी गेले. सकाळी चहा पिता पिता. माझ्याच हॉस्पिटलात नेलं, माझ्याच ओळखीच्या लोकांनी शिकस्त केली. लोकांना झोपवून परत जागं करणं हा माझा रोजचा धंदा, आणि बाबूजींना मात्र कुणीच जागं करू शकलं नाही. मी रडले नाही. मला फक्त संताप आला, तोही कुणाचा ते कळेना. विलासला व्हिसा वेळेवर मिळणं शक्य नव्हतं. तो फोनवर लहान मुलासारखा रडला आणि मग एकच म्हणाला, "ताई, तू काहीबी कर, पण बाबूजींना पेटीत घालू नको. मला सांगायचे ते नेहमी. आणि खांदा भाऊजी देतील, बाकीची पुरुष मंडळी देतील. तू मधे नको पडू. लोकं काय म्हणतील?"

वॉटरफोर्डमध्ये कोण लोकं रे, असं तोंडाशी आलं होतं. गिळलं.

अंत्यसंस्कारांची व्यवस्था करणारे गृहस्थ घरी आले. "सॉरी फॉर युअर ट्रबल," म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. इथे सगळे हेच म्हणतात, आणि का कोण जाणे, ते खोटं वाटत नाही. मी पेटीचं विचारलं. त्यांनी दाहगृहात फोन लावला. तळ पक्का हवा, चारी बाजूंना कड हवी, आणि सगळं जळून जाणारं असावं; विणलेलं असेल तरी चालेल, पण उद्यापर्यंत मला दाखवा, नाहीतर पेटीच, असं ते म्हणाले.

राजधानीच्या ब्लँचर्डस्टाउन आणि स्वोर्ड्स ह्या उपनगरांतून मराठी मंडळी गाड्या काढून आली. कुणी भाताचा डबा आणला, कुणी गंगाजळाची सीलबंद बाटली. माणसं फार चांगली होती. पण तिरडीचं विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागली. "ताई, ॲक्च्युअली मी कधी जवळून बघितलीच नाहीये," एक जण म्हणाला. दुसरा यूट्यूबवर शोधू लागला. मला त्या क्षणी त्यांचा नाही, आपला सगळ्यांचाच राग आला. आपण इकडे गणपती आणतो, ढोल आणतो, दिवाळीला हॉल सहा महिने आधी ठरवतो. मरायचं मात्र तिकडेच, असं जणू सगळ्यांनी मनात धरलेलं असतं. रानातल्या त्या जुन्या लोकांनी फळं, सरपण आणि मयताचं लाकूड एकाच दमात सांगून ठेवलं होतं. गावात राहायचं म्हणजे जेवायचं, शेकायचं आणि एक दिवस कुणालातरी उचलायचं, हे त्यांना माहीत होतं.

मी डोनलला फोन केला. रान एका जमीनदाराचं, तोड ठरल्या पट्ट्यातच करायची असा नियम. म्हणून विचारलं, मालकाची परवानगी लागेल ना? तो म्हणाला, "ती केव्हाच मिळालेली आहे. मालकाला मी सावकाश सांगेन. तुझ्या वडिलांची उंची सांग."

दुपारी तो आणखी दोघांना घेऊन आला. ॲशच्या झाडाचे दोन लांब दांडे आणि हेझलच्या ओल्या जुड्या. आमच्या गॅरेजमध्ये बसून त्यांनी वीतभर उंचीची कड विणली, पूर्वी कुडाच्या भिंती विणत तशी, एक फोक आतून, एक बाहेरून. कुणी फारसं बोलत नव्हतं. ओल्या सालीचा वास गॅरेजभर झाला होता. तळाच्या आडव्या काड्या मात्र डोनलनं मोकळ्या ठेवल्या आणि सुतळी माझ्या हातात दिली. "हे तुमच्या पद्धतीनं," तो म्हणाला.

ईशानं फोन रंगाच्या डब्याला टेकवून उभा केला. त्यात विलास.

"भाऊजींना दे सुतळी," तो म्हणाला. सलीलनं दोनदा प्रयत्न केला. गाठ सुटली. त्यानं सुतळी माझ्याकडे परत दिली. त्याचाही जीव होता बाबूजींवर.

"विलास, मी बांधते," मी म्हटलं. "तू नुसतं सांग."

तो हळू आवाजात म्हणाला, "दांड्याखालून घे. आता काडीवरून. नाही नाही, उलटी. बाबूजी बांधायचे तशी."

"बाबूजी कशी बांधायचे ते मी कधी पाहिलंय रे? मला आत बसवायचे."

स्क्रीनवर तो उठून गेला, झाडूच्या दोन काड्या आणि दोरा घेऊन आला आणि कॅमेऱ्यासमोर धरून सावकाश गाठ मारून दाखवली. मी मारली. "ओढ," तो म्हणाला. मी ओढली. "अजून. तुझ्यात जोर आहे, ताई, मला माहीत आहे." एकेक काडी बांधत आम्ही डोक्याकडून पायांकडे गेलो. मधे तो दोनदा रडला, मी एकदा. माझ्या बोटांना सुतळी कापत होती. त्याचं मला बरं वाटत होतं, कारण इतक्या वेळात पहिल्यांदाच मी बाबूजींसाठी काहीतरी करत होते.

व्यवस्थावाले गृहस्थ आले, तळ दाबून पाहिला, कड हलवून पाहिली. "लव्हली जॉब," ते म्हणणार असं वाटलं, पण ते नुसतीच मान डोलावून बाजूला झाले. पेटी नको होती ती टळली.

सकाळी बाबूजींना पांढऱ्या कापडात त्या हेझलवर ठेवलं. आमच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत खांद्यावरून न्यायचं आणि तिथून गाडीत, असं ठरलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेजारी उभे होते. ज्यांची नावं मला माहीत नाहीत तेही. सलील मागे, त्याच्या शेजारी स्वोर्ड्सचा एक जण. पुढे उजवीकडे डोनल. पुढची डावी जागा रिकामी होती. ब्लँचर्डस्टाउनच्या मंडळींतला एक जण पुढे सरसावला.

"थांबा," ईशाच्या हातातल्या फोनमधून विलासचा आवाज आला. "ती जागा माझी आहे." सगळे थांबले. तो म्हणाला, "ताई, तू उभी राहा तिथं. माझ्या वाट्याचा खांदा तूच दे."

मी जाऊन उभी राहिले. उचललं. आणि माझ्या लक्षात आलं की दांडा माझ्या खांद्याला टेकतच नाहीये. बाकी तिघंही उंच. मी टाचा उंचावल्या, हात वर करून दांडा नुसता धरला. बाबूजी माझ्या डोक्यावरून इतरांच्या जोरावर चालले होते. डोनलनं एकदा माझ्याकडे वळून पाहिलं.

त्यानं गुडघे वाकवले. दांडा खाली आला आणि बाबूजींचा भार माझ्या खांद्यावर बसला. इतका, की मला दांडा दोन्ही हातांनी धरावा लागला.

"डोनल, सरळ चाल," मी म्हटलं. "तुला त्रास होईल."

"आयम ग्रँड," तो म्हणाला, आणि मोठ्या रस्त्यापर्यंत तो सत्तरीचा माणूस तसाच गुडघे वाकवून चालला.